सामायिक गीतयाद्यांच्या संपादन-परवानग्या : प्रकल्प नोंदी, जुलै ते डिसेंबर २०२४

६ जुलै २०२४, शनिवार, अमळनेर

अहिराणी गाण्यांच्या चार याद्या आम्ही काही जण मिळून स्पॉटिफाय या संगीतसेवेवर सांभाळतो : कानबाई आणि गुलाबाई या खानदेशातल्या सणांची एकेक, लग्नाची आणि आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले एकवीस जण त्यांत गाणी घालतात. याद्या माझ्या खात्यावर तयार केलेल्या असून त्या सहयोगी ठेवल्या आहेत. त्यामुळे ज्याला सहभागी करून घेतले त्याला गाणे घालण्याचा, काढण्याचा आणि क्रम बदलण्याचा अधिकार एकदमच मिळतो.

यंदा आखाजी १० मे रोजी होती. सणाच्या आदल्या दिवशी आखाजीच्या यादीत ९६ गाणी होती आणि आठवड्याने मी मोजली तेव्हा ७९ उरली होती. ही सतरा गाणी कोणी काढली, एकाने काढली की अनेकांनी, मुद्दाम काढली की गाडीत वाजवताना चुकून बोट लागले, यातले काहीच शोधता आले नाही. यादीतल्या प्रत्येक गाण्यासोबत ते कोणी घातले आणि केव्हा घातले ही माहिती सेवा देते. पण ही माहिती गाण्याच्या नोंदीलाच चिकटलेली असल्यामुळे नोंद गेली की तीही जाते. शिरपूरच्या नानांचा तेव्हा फोन आला होता. त्यांनी एवढेच विचारले, "मन्हं गानं कोनी काढं रे भाऊ?" मला उत्तर देता आले नाही.

कानबाई ११ ऑगस्टला आहे. त्याआधी याद्यांच्या संपादनाची नीट व्यवस्था लावायची, म्हणजे कोणाला काय करता येईल, केलेल्या बदलाची नोंद कुठे राहील आणि चुकलेला बदल मागे कसा घेता येईल हे ठरवून तसा प्रोग्राम लिहायचा, यासाठी ही वही आजपासून सुरू करत आहे.

९ जुलै, मंगळवार

तीन दिवस एपीआयचे, म्हणजे आपल्या प्रोग्रामला स्पॉटिफायकडून कामे करून घेण्याचा जो मार्ग आहे त्याचे, दस्तऐवज वाचले. परवानग्यांची रचना माझ्या कल्पनेपेक्षा फार साधी आहे. प्रत्येक यादीला एक मालक असतो, आणि 'कोलॅबोरेटिव्ह' नावाचे हो-किंवा-नाही एवढेच सांगणारे एक क्षेत्र असते. एपीआयमधून यादी सहयोगी करायची तर तिचे 'पब्लिक' हे क्षेत्र 'नाही' करावे लागते. अमुक सभासदाला फक्त गाणी घालू द्या, तमुक सभासदाला क्रमही बदलू द्या, असे सांगण्याची सोय एपीआयमध्ये नाही. सभासदाला निमंत्रण देण्याची किंवा सहभागींतून वगळण्याचीही नाही. ती कामे ॲपमध्येच हाताने करावी लागतात.

'पब्लिक' या शब्दाविषयी इथे लिहून ठेवतो, कारण आमच्यातल्या निम्म्या लोकांचा त्याबाबत गैरसमज आहे. यादी सार्वजनिक नाही याचा अर्थ ती गुप्त आहे असा होत नाही. ती मालकाच्या प्रोफाइलवर दिसत नाही, एवढेच. ॲपमधून ती मुद्दाम खासगी केलेली नसेल, तर दुवा हाती आलेला कोणीही ती उघडून ऐकू शकतो. तेव्हा पाहण्याची परवानगी आणि बदलण्याची परवानगी या दोन गोष्टी वेगळ्या धरूनच पुढचा विचार करायला हवा.

दुसरा थर टोकनचा, म्हणजे प्रोग्रामला सेवेकडून मिळणाऱ्या तात्पुरत्या किल्लीचा, आहे. आपला प्रोग्राम वापरकर्त्याच्या वतीने काय काय करू शकेल हे 'स्कोप' ठरवतात. खासगी याद्या वाचण्यासाठी प्लेलिस्ट-रीड-प्रायव्हेट, सहयोगी याद्या वाचण्यासाठी प्लेलिस्ट-रीड-कोलॅबोरेटिव्ह, सार्वजनिक याद्या बदलण्यासाठी प्लेलिस्ट-मॉडिफाय-पब्लिक आणि खासगी याद्या बदलण्यासाठी प्लेलिस्ट-मॉडिफाय-प्रायव्हेट. स्कोप म्हणजे यादीवरचा हक्क नव्हे, हे मला आज नीट उमगले. बदल करण्याचा स्कोप असलेले टोकन हाती असले तरी ज्या यादीवर त्या माणसाचा अधिकार नाही तिला तो हात लावू शकत नाही. आणि स्वतःच्या यादीवर पूर्ण अधिकार असला तरी स्कोप मागितलेला नसेल तर त्याच्या वतीने प्रोग्रामला काहीही करता येत नाही. शेतकऱ्याच्या नावावर सातबारा असणे आणि त्याने मुलाला मुखत्यारपत्र देणे या जशा निराळ्या गोष्टी, तसेच हे आहे. बदल व्हायचा तर दोन्ही लागतात.

१३ जुलै, शनिवार

आज दोन खाती आणि तीन रिकाम्या याद्या घेऊन प्रत्यक्ष तपासणी केली.

केवळ प्रोग्रामची ओळख सांगून मिळणारे टोकन, ज्याला क्लायंट क्रेडेन्शियल्स म्हणतात, या कामाला उपयोगी नाही. त्या टोकनमागे कोणी वापरकर्ताच नसतो आणि यादी तर कोणाच्या तरी नावावर असते. त्यामुळे मालकाने स्वतः लॉग इन करून संमती देण्याची पद्धत वापरावी लागेल. त्यातून मिळणारे टोकन एक तास, म्हणजे ३६०० सेकंद चालते. त्यानंतर सोबत मिळालेल्या रिफ्रेश टोकनवरून नवे घ्यायचे.

दुपारभर मी एकाच आकड्यात अडकलो होतो. ४०३ हे 'परवानगी नाही' असे सांगणारे उत्तर तीन वेगवेगळ्या कारणांनी येते. दुसऱ्याच्या, सहयोगी नसलेल्या यादीत गाणे घालायला गेलो तेव्हा ते आले. आपल्याच यादीत, पण स्कोप न मागता घातले तेव्हाही ते आले. आणि स्कोपही बरोबर, यादीही बरोबर असताना तिसऱ्यांदा आले, कारण त्या सभासदाचे नाव मी स्पॉटिफायच्या, प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी असलेल्या डॅशबोर्डवरच्या वापरकर्त्यांच्या यादीत लिहिलेले नव्हते. विकासाच्या अवस्थेतल्या ॲपला जास्तीत जास्त २५ वापरकर्ते नोंदवता येतात आणि नोंद नसलेल्याची मागणी नाकारली जाते. म्हणून प्रोग्राममध्ये नुसता आकडा लिहून न ठेवता उत्तरासोबत आलेला मजकूर जसाच्या तसा साठवायचा असे ठरवले. टोकनची मुदत संपली तर मात्र ४०१ येते, त्यामुळे तिथे घोटाळा होत नाही.

एकवीस सभासद आणि पंचवीसची मर्यादा. आज भागते आहे. पण साक्री आणि नवापूरकडचे सहा जण यायचे म्हणत आहेत.

१४ जुलै, रविवार, धुळे

सकाळच्या गाडीने धुळ्याला गेलो. नऊ जण जमले होते. आजची चर्चा सविस्तर लिहितो, कारण पुढचा सगळा आराखडा तिच्यातूनच निघाला.

मी मांडलेला पहिला प्रस्ताव असा होता की याद्या सहयोगी ठेवूच नयेत. त्या एका सामायिक खात्याच्या मालकीच्या असाव्यात, त्या खात्याचे टोकन आमच्या प्रोग्रामपाशी असावे, आणि सभासदांनी गाणी एका साध्या पानावरून सुचवावीत. तीन जणांच्या मंडळाने ती तपासावीत आणि मग प्रोग्रामने ती यादीत घालावीत. तांत्रिकदृष्ट्या ते सोपे होते. सेवेच्या लेखी बदल करणारा एकच माणूस राहिला असता, पंचवीसच्या मर्यादेचा प्रश्नही सुटला असता.

नंदुरबारच्या ताईंनी याला स्पष्ट विरोध केला. त्या म्हणाल्या, "भाऊ, चार वर्षं आम्ही गाणी घालतोय. आता तीन माणसं आमचं गाणं तपासणार, म्हणजे आमच्यावरचा विश्वास गेला असंच आम्ही समजायचं ना?" त्यांचे म्हणणे तिथेच संपले नाही. तापीकाठच्या गावांत कानबाईचे गाणे ज्या शब्दांत म्हणतात त्याच शब्दांत ते गिरणाकाठी म्हणत नाहीत, आणि ज्याला आपली बोली ऐकायची सवय आहे त्याला दुसऱ्या गावचे गाणे चुकीचे वाटते. अमळनेर आणि धुळ्याच्या तिघांनी बसून निवड केली तर हळूहळू पूर्ण यादी त्यांच्या कानाप्रमाणे होईल. हा मुद्दा मला आधी सुचला नव्हता आणि तो पूर्णपणे खरा होता.

बराच वेळ बोलणे झाल्यावर एक गोष्ट सर्वांच्या लक्षात आली. मे महिन्यात जे नुकसान झाले ते कोणी नको ते गाणे घातल्यामुळे झाले नव्हते. ते गाणी निघून गेल्यामुळे झाले होते. घालणे आणि काढणे या दोन क्रिया सेवेने एका परवानगीत बांधल्या आहेत म्हणून आपणही त्या एकत्र धरत होतो. नको असलेले गाणे चार दिवस यादीत राहिले तर कोणाचे काही बिघडत नाही. पण कोणाच्या आजीच्या तोंडचे, मोठ्या मुश्किलीने सापडलेले गाणे गेले तर ते पुन्हा कोणाला आठवेलच असे नाही.

त्यावरून असे ठरले. गाणे घालायला कोणाचीही पूर्वसंमती लागणार नाही. सभासदाने सुचवताच प्रोग्राम ते यादीत घालील. गाणे काढायचे असेल तर एकाने कारण लिहून तसे सुचवावे आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सभासदाने त्याला मान्यता द्यावी, त्यानंतरच ते निघेल. क्रम बदलण्याचा अधिकार प्रत्येक यादीमागे दोघांना असेल. यादीचे नाव, वर्णन आणि चित्र बदलण्याचा अधिकार सामायिक खाते सांभाळणाऱ्यालाच राहील. या चारही परवानग्या स्पॉटिफायकडे नसून आमच्या डेटाबेसमध्ये असतील. स्पॉटिफायला फक्त मालक दिसेल.

ताईंनी शेवटी एक अट घातली आणि ती मान्य झाली : कोणी काय बदलले ही नोंद सर्व सभासदांना वाचता आली पाहिजे, केवळ प्रोग्राम चालवणाऱ्याला नव्हे.

२१ जुलै, रविवार

सामायिक खाते उघडले. एका खात्यावरची यादी दुसऱ्या खात्याच्या मालकीची करण्याची क्रिया एपीआयमध्ये नसल्याने चारही याद्या नव्याने तयार करून त्यांत गाणी उतरवली. एका मागणीत जास्तीत जास्त १०० गाणी घालता येतात, म्हणून लग्नाच्या यादीसाठी दोन फेऱ्या कराव्या लागल्या. उतरवण्याआधी जुन्या याद्यांतली 'ॲडेड बाय' (कोणी घातले) आणि 'ॲडेड ॲट' (केव्हा घातले) ही दोन्ही क्षेत्रे वाचून आमच्या बदलवहीत, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या तक्त्यात, साठवली, कारण नव्या यादीत प्रत्येक गाणे सामायिक खात्यानेच घातलेले दिसणार होते. जुन्या याद्या पुसल्या नाहीत. त्या माझ्या खात्यावर आहेत तशाच, सहयोगीसुद्धा, राहू दिल्या आहेत.

स्कोप तीनच मागितले : खासगी याद्या वाचणे, आणि दोन्ही प्रकारच्या याद्या बदलणे. खातेदाराचा ईमेल किंवा तो काय ऐकतो हे पाहण्याची आम्हाला गरज नाही. पुढे एखादा स्कोप लागलाच तर मालकाकडून पुन्हा संमती घ्यावी लागेल, आणि तसेच असावे. रिफ्रेश टोकन आणि क्लायंट सीक्रेट कोडमध्ये न लिहिता सर्व्हरवरच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवले आहेत.

बदलवहीच्या प्रत्येक ओळीत आता यादी, गाण्याचा यूआरआय (सेवेतली त्याची ओळख), क्रिया, सभासद, वेळ, कारण आणि बदलानंतर सेवेने परत दिलेला स्नॅपशॉट आयडी एवढी माहिती राहते. स्नॅपशॉट आयडी हा यादीच्या त्या वेळच्या अवस्थेचा क्रमांक असून यादीत काहीही बदलले की तो बदलतो. मात्र जुना क्रमांक देऊन जुनी यादी परत मागवण्याची सोय दस्तऐवजात नाही. तेव्हा तो क्रमांक म्हणजे बॅकअप असे कोणीही समजू नये; गाण्यांची प्रत आपणच ठेवायची आहे.

२८ जुलै, रविवार

आज माझ्या हातून मोठी चूक झाली. ती जशी घडली तशी लिहितो.

लग्नाच्या यादीत १४३ गाणी आहेत. ती विधींच्या क्रमाने, म्हणजे आधी हळद, मग तेलन, वरात आणि शेवटी मुलीची पाठवणी, अशी लावावीत असे दोन्ही क्रम-संपादकांचे म्हणणे होते. मी सोपा मार्ग घेतला. हवा तो क्रम संगणकावर तयार केला आणि पूर्ण यादीच बदलून टाकणारी मागणी पाठवली. ही मागणी यादीतले आधीचे सगळे काढून दिलेली गाणी तिथे ठेवते. तिलाही शंभराची मर्यादा असल्याने पहिली १०० ठेवून उरलेली ४३ पुढच्या मागणीने जोडायची होती. या दोन मागण्यांच्या मध्ये वीज गेली. प्रोग्राम त्या दिवशी माझ्या घरच्या संगणकावर चालत होता आणि इन्व्हर्टरला तो जोडलेला नव्हता.

पावणेदोन तासांनी वीज आली तेव्हा यादीत शंभरच गाणी होती. पाठवणीची जवळजवळ सगळी गाणी त्या ४३ मध्ये होती. २५ जुलैची प्रत हाताशी असल्याने ती परत घालता आली आणि रात्रीपर्यंत १४३ ही संख्या पूर्ण झाली. पण २५ तारखेनंतर सभासदांनी घातलेल्या चार गाण्यांची जुळणी बदलवहीतून एकेक करून करावी लागली, आणि सेवेच्या नोंदीत सर्व १४३ गाण्यांची तारीख आता २८ जुलै झाली आहे.

याद्यांतून गाणी नाहीशी होऊ नयेत म्हणून हे काम हाती घेतले, आणि ती मीच घालवली होती, आणि दोन तास मला फोन उचलण्याचे धैर्य झाले नाही. रात्री गटावर घडलेले सर्व लिहून कळवले. ताईंचे उत्तर आले की वहीत प्रत सापडली यातच वहीचे काम दिसले, आता जेवून घ्या.

३० जुलै, मंगळवार

पूर्ण यादी बदलण्याची मागणी प्रोग्राममधून काढून टाकली. ती इतःपर कोणत्याही परवानगीने कोणालाही करता येणार नाही, मलाही नाही.

क्रम लावण्यासाठी त्याच पत्त्यावर दुसरी मागणी आहे. तिला तीन आकडे द्यायचे : कुठपासून उचलायचे, किती गाणी उचलायची आणि कशाच्या आधी ठेवायची. मोजणी शून्यापासून असल्यामुळे दहावे गाणे सर्वांत वर आणायचे तर ९ पासून १ उचलून ० च्या आधी ठेवायचे. या मार्गाने गाणे हलवले तर ते कोणी आणि केव्हा घातले ही माहिती कायम राहते, असे दस्तऐवजात स्पष्ट लिहिले आहे आणि चाचणी-यादीवर मी ते पडताळून पाहिले. वीज मध्येच गेली तरी क्रम अर्धवट राहील, एवढेच. गाणे एकही जाणार नाही. परवानगीचा विचार करता हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. 'क्रम बदलण्याचा अधिकार' अशा नावाखाली मी परवा दोघांना नकळत यादी पुसण्याचाच अधिकार देऊन बसलो होतो.

अडचण मागण्यांच्या संख्येची आहे. १४३ गाणी एकेक करून हलवली तर तितक्याच मागण्या होतात, आणि गेल्या ३० सेकंदांत किती मागण्या आल्या यावरून सेवा मर्यादा मोजते. ती ओलांडली तर ४२९ येते आणि किती सेकंद थांबायचे ते 'रिट्राय-आफ्टर' या शीर्षकात कळते. म्हणून आता प्रोग्राम आधी यादीतली, एकमेकांच्या संदर्भात योग्य क्रमात असलेल्या गाण्यांची सर्वांत लांब साखळी शोधतो, तिला हात लावत नाही, आणि फक्त उरलेली गाणी हलवतो. आजच्या बदलात १४३ पैकी ३१ च गाणी हलवावी लागली. प्रत्येक हालचालीसोबत आधीच्या मागणीने परत दिलेला स्नॅपशॉट आयडी पाठवतो, म्हणजे आपण कोणत्या अवस्थेवर बदल करतो आहोत हे सेवेला कळते.

४ ऑगस्ट, रविवार

कानबाईच्या यादीत एक गाणे जाणूनबुजून दोनदा ठेवलेले आहे; स्थापनेच्या वेळी म्हणतात आणि सोमवारी नदीवर नेतानाही म्हणतात. एका सभासदाला ती चुकून झालेली पुनरावृत्ती वाटली, त्याने दुसरी नोंद काढण्याचे सुचवले, जळगावच्या सभासदाने मान्यता दिली आणि प्रोग्रामने गाणे काढले. ते दोन्ही ठिकाणांहून निघाले. काढण्याच्या मागणीत यूआरआय दिला की त्या गाण्याच्या यादीतल्या सर्व नोंदी जातात.

नियम पाळूनच झालेली ही चूक होती आणि पाच मिनिटांत दुरुस्त झाली. आता एकच गाणे अनेकदा असेल तर प्रोग्राम आधी किती नोंदी आहेत ते सांगतो, सर्व नोंदी काढतो आणि जी ठेवायची ती तिच्या जागी पुन्हा घालतो. पुन्हा घातलेल्या नोंदीची सेवेतली तारीख बदलते. मूळ तारीख बदलवहीत राहते. मान्यता देणाऱ्याला आता ते गाणे दोनदा का ठेवले आहे ही टीपही पानावर दिसते.

१२ ऑगस्ट, सोमवार, पहाटे

कानबाईची रात्र व्यवस्थित पार पडली. काल संध्याकाळपासून पहाटेपर्यंत अकरा गाणी घातली गेली, सर्व जागरणाच्या ठिकाणाहूनच. बायकांनी एखादे गाणे म्हटले की शेजारी बसलेली मुले ते शोधून सुचवत होती. काढण्याची सूचना एकही आली नाही. रोट आणि पुरणाच्या स्वयंपाकात असलेल्या आक्कांनीही फोनवरून एक गाणे घातले.

१७ ऑगस्ट, शनिवार

जागरणात सापडलेली बरीच गाणी सेवेवर उपलब्धच नाहीत. ती सभासदांनी फोनवर ध्वनिमुद्रित केली. आपल्या संगणकावरची फाइल ॲपमधून यादीत ठेवता येते, पण एपीआयमधून अशी फाइल यादीत घालता येत नाही. त्यामुळे ही ध्वनिमुद्रणे आमच्या व्यवस्थेबाहेरच राहतील. त्यांची फक्त यादी, गाव आणि म्हणणाऱ्या बाईची संमती मिळाली की नाही एवढे वेगळ्या तक्त्यात लिहून ठेवत आहोत.

१९ सप्टेंबर, गुरुवार

गुलाबाई बसली, ती कोजागरीपर्यंत असते. या यादीत काल रात्री दोन गाणी आली, ज्यांची बदलवहीत नोंदच नव्हती. प्रोग्राम दर पंधरा मिनिटांनी प्रत्येक यादीचा फक्त स्नॅपशॉट आयडी मागवतो. 'फील्ड्स' हे घटक वापरून तेवढेच क्षेत्र मागता येत असल्याने त्याला वेळ लागत नाही. वहीतल्या शेवटच्या क्रमांकाशी तो जुळला नाही की यादी पूर्ण वाचून फरक काढला जातो. त्यामुळे ही गोष्ट सकाळीच कळली.

'ॲडेड बाय' पाहिले तर सामायिक खाते. म्हणजे कोणीतरी त्या खात्याने ॲपमध्येच लॉग इन केले होते. चौकशी केल्यावर धुळ्याच्या सरांनी लगेच सांगितले की जुन्या फोनवर सामायिक खाते उघडेच राहिले होते आणि घरातल्या मुलीने त्यावरून गाणी घातली. गाणी योग्यच होती, ती ठेवली आणि मुलीच्या नावाने वहीत नोंदवली. परंतु पासवर्ड ज्याच्याकडे आहे त्याला आमच्या चारही परवानग्या लागू होत नाहीत, ही गोष्ट यातून समोर आली. आज पासवर्ड बदलला, सर्व उपकरणांवरून लॉग आउट केले, आणि यापुढे पासवर्ड दोघांकडेच राहील. माझ्या खात्यावरच्या जुन्या याद्यांचे 'कोलॅबोरेटिव्ह' क्षेत्रही आज 'नाही' केले. दोन महिने ते तसेच राहिले, हे मी लक्षात ठेवायला हवे होते.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

तुळशीची लग्ने झाली, लग्नसराई सुरू झाली, आणि लग्नाच्या यादीत रोज भर पडते आहे.

स्पॉटिफायने काल, २७ नोव्हेंबरला, वेब एपीआयमधले काही मार्ग नव्या ॲपसाठी बंद केल्याचे जाहीर केले. गाण्याची लय, ताल, ऊर्जा सांगणारे 'ऑडिओ फीचर्स', सविस्तर विश्लेषण, शिफारशी आणि संबंधित कलाकार हे त्यांत आहेत. वरातीच्या गाण्यांची लयीप्रमाणे आपोआप मांडणी करावी असा एक प्रस्ताव गटात होता, तो आता मागे घेतला. यादी वाचण्याचे, घालण्याचे, काढण्याचे आणि क्रम बदलण्याचे मार्ग या बदलात नाहीत, हे घोषणा दोनदा वाचून खात्री केली. मला स्वतःला तो प्रस्ताव कधीच पटला नव्हता. हळदीचे गाणे कोणत्या गाण्यानंतर येते हे लयीवर ठरत नाही, ते क्रम-संपादक ज्या दोन काकू आहेत त्यांना माहीत आहे.

१५ डिसेंबर, रविवार, शिरपूर

प्रोग्राम चालवण्याची जबाबदारी एका माणसावर राहू नये म्हणून आज धुळ्याच्या सरांकडून पूर्ण तालीम करून घेतली. मी बाजूला बसलो आणि काहीही सांगितले नाही. त्यांनी चाचणी-यादी रिकामी केली, नव्या यादीत बदलवहीवरून सर्व गाणी मूळ क्रमाने परत उभी केली, रिफ्रेश टोकन रद्द करून पुन्हा संमतीची पायरी पार पाडली, आणि सर्व्हरवरची फाइल बदलली. दोन ठिकाणी त्यांना अडखळायला झाले. दोन्ही वेळा चूक माझ्या लिखित सूचनांमध्ये होती. त्या तिथेच दुरुस्त केल्या.

काम आटोपल्यावर नानांकडे गेलो. मे महिन्यात गेलेल्या सतरा गाण्यांपैकी नऊ आतापर्यंत सभासदांच्या आठवणीवरून परत आली आहेत, पण नानांचे त्यांत नव्हते, कारण त्यांना गाण्याचे सेवेवरचे नाव आठवत नव्हते आणि रोमन अक्षरांतले स्पेलिंग प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने केलेले असते. आज त्यांनी ते म्हणून दाखवले. झोक्यावरचे गाणे आहे, माहेरी आलेल्या गौराईचे. नंदुरबारच्या ताईंना फोन लावून ऐकवले, त्यांनी दुसऱ्या कडव्याला ओळखले आणि दहा मिनिटांत शोधून आखाजीच्या यादीत घातले.

नोंद करताना अडचण आली. वहीत 'सभासद' असे एकच क्षेत्र आहे आणि प्रोग्रामने तिथे ताईंचे नाव लिहिले, कारण गाणे घालताना ओळखीसाठी दिलेला पिन त्यांचा होता. ताई म्हणाल्या की गाणे नानांचे आहे, माझे नाव तिथे नको. संध्याकाळी परतीच्या गाडीत तक्त्यात एक क्षेत्र वाढवले. आता 'सुचवणारे' आणि 'नोंदवणारे' असे दोन रकाने आहेत. आखाजीच्या यादीतली ८९ वी नोंद : सुचवणारे नाना, शिरपूर, नोंदवणाऱ्या ताई, नंदुरबार. जुन्या नोंदींत दोन्ही रकान्यांत तूर्त एकच नाव भरले आहे. जिथे एकाने दुसऱ्यासाठी गाणे घातले होते ती नावे सभासदांना विचारून सुधारण्याचे काम जानेवारीत घ्यायचे आहे.